दुसरी किल्ली कोणाकडे?

आमच्या घरात एक वाक्य दिवसातून दहा वेळा तरी कानावर येते : “तिला विचारा, तिच्या फोनमध्ये असेल.” गॅसची नोंदणी कधी केली, नातवाच्या सहलीचे पैसे भरले का, मिरजेच्या व्यापाऱ्याकडून किती येणे आहे, माझी रक्तदाबाची गोळी सकाळची की रात्रीची, इतकेच काय, चतुर्दशी आज की उद्या, या सर्व प्रश्नांना उत्तर एकच. ‘ती’ म्हणजे आमची सूनबाई. दोन मुलांची आई, शिक्षणाने बी.कॉम., आणि सांगलीच्या गणपती पेठेतील आमच्या घाऊक किराणा दुकानाच्या हिशेबाची गेली अकरा वर्षे संपूर्ण जबाबदारी वाहणारी. दुकान कागदोपत्री तिच्याच नावावर आहे. चिरंजीव खरेदी आणि उधारी पाहतात. किर्द, खतावणी, कर आणि बँक हे तिचे खाते.

आमचे घराणे मूळचे अडतीचे. भावांपैकी मीच तेवढा नोकरीत शिरलो आणि एका राष्ट्रीयीकृत बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे यंत्रांकडे मी नेहमी लेखापरीक्षकाच्या नजरेने पाहत आलो. सूनबाईची नजर याच्या अगदी उलट. नवे उपकरण बाजारात आले, की ते चार दिवसांत आमच्या दिवाणखान्यात आलेच म्हणून समजावे. मनगटावर घड्याळ, जे वेळ सोडून बाकी सारे सांगते. कानात बिनतारी बोंडे. किल्ल्यांच्या जुडग्याला हरवल्यास शोधून देणारी एक चकती. दुकानात खिशात मावणारा, शाईविना बिले छापणारा छपाई-यंत्राचा चिमुकला अवतार. प्रारंभी मी या सगळ्याला ‘खेळणी’ म्हणत असे. आमच्या सौ. अजूनही म्हणतात.

त्यांच्यातील काही खरोखरच खेळणी निघाली, हेही नमूद करायला हवे. जमीन झाडणारे एक गोल यंत्र तिने दिवाळीत आणले. ते आपले आपण घरभर फिरे, कोपऱ्यांत जाई, काम संपले की भिंतीशी जाऊन स्वतःचे चार्जिंग करून घेई. मुले त्याच्यावर खूश. सौ.नी दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारला : “हे मुंग्यांच्या रांगेपाशी थांबते का गं?” सूनबाई क्षणभर विचारात पडली आणि प्रामाणिकपणे म्हणाली, “नाही आई, ते भिंत ओळखते, पलंगाचा पाय ओळखतं, मुंगी ओळखत नाही.” पंधरा दिवसांच्या आत ते यंत्र खोक्यात परत गेले आणि अर्ध्या किमतीत कोणाला तरी विकले गेले. मऊ कुंचा पूर्ववत दाराआड उभा राहिला. सासू-सुनेत यावरून एक शब्दही वाढला नाही, याचे मला त्या वेळी कौतुक वाटले.

उलट जे घड्याळ मी सर्वांत निरुपयोगी समजत होतो, ते घरात सर्वांत लवकर रुळले. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा आमच्या घरचा नेम. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनच्या अखेरीस सात वाजून गेलेले असतात. शिवाय दुकानातून निघायला रोज नवा अडथळा. पूर्वी सौ. पंचांग पाहून खिडकीत उभ्या राहत आणि दुकानात फोन करीत. आता सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी सूनबाईच्या मनगटावर घड्याळ थरथरते आणि ती हातातले बिल तसेच ठेवून उठते.

परंतु मला जे सांगायचे आहे ते फोनबद्दल, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२००५ च्या महापुरात दुकानात पाणी शिरले, तेव्हा हिशेब माझे थोरले बंधू पाहत. लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या वरच्या फळीवर होत्या. पाणी त्या फळीच्याही वर गेले. पूर ओसरल्यावर आम्ही ती पाने एकेक सोडवून माडीवर दोऱ्या बांधून वाळत घातली होती. शाई पसरलेली, आकडे एकमेकांत मिसळलेले. कोणाकडून किती येणे, हे कागदावर राहिलेच नाही. ज्यांनी आपण होऊन सांगितले त्यांचे आले, ज्यांच्या स्मरणात राहिले नाही त्यांचे गेले. बंधूंनी त्यावर कधी तक्रार केली नाही, पण त्यानंतर त्यांनी दुकानात पूर्वीसारखे लक्षही घातले नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा पुन्हा पेठेत आली. या वेळी माल गेला, हिशेब गेला नाही. तो सूनबाईच्या फोनमध्ये होता आणि त्याची प्रत कुठल्यातरी दूरच्या संगणकावर. वीज बंद, फोनला तरंग मिळेनात. तरी तिने दोन पॉवर बँका आणि एक जुना फोन यांच्या बळावर दिवस काढले. सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे, एवढाच फोन सुरू करायचा आणि एरवी बंद, अशी तिची शिस्त होती. पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी तिने येण्यांची संपूर्ण तेरीज माझ्यासमोर ठेवली. पैशापर्यंत जुळलेली. त्या दिवसापासून मी ‘खेळणी’ हा शब्द टाकून दिला. माझी चूकही तिथूनच सुरू झाली, कारण त्या दिवसापासून मी फोनवर विश्वास ठेवला आणि त्याची चौकशी करणे सोडून दिले.

गेल्या फेब्रुवारीत, महिन्याच्या १९ तारखेला, कोल्हापुरात एका लग्नात तिचा फोन गेला. पर्समधून पडला की कोणी काढला, ते आजतागायत कळलेले नाही. गंमत अशी, की मनगटावरच्या घड्याळाने तत्क्षणी थरथरून ‘फोनशी संपर्क तुटला’ असे सांगितले होते; पण बँडबाजाच्या गर्दीत असे होतच असते, म्हणून तिने दुर्लक्ष केले. अर्ध्या तासाने शोधाशोध सुरू झाली, तेव्हा फोन बंद लागत होता.

पहिली कामे चिरंजिवांच्या फोनवरून तातडीने झाली. मोबाइल कंपनीला कळवून सिम बंद केले, बँकेला कळवून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवले. पोलिसांत तक्रार दिली. ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर हरवलेला फोन देशभरातील सर्व जाळ्यांवर निरुपयोगी करून टाकण्याची सोय आहे. तिथे तक्रारीची प्रत आणि फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक लागतो. हा क्रमांक कोणत्याही फोनवर *#०६# दाबले की दिसतो, पण त्यासाठी फोन हातात असावा लागतो! खोक्यावर तो छापलेला असतो. खोके रद्दीत गेलेले. शेवटी खरेदीची पावती तिच्या कपाटात सापडली, म्हणून ते साधले. फोनला पक्के कुलूप होते, यूपीआयचा पिन फक्त तिच्या डोक्यात होता. सांगायला समाधान वाटते, की आमचा एक पैसाही गेला नाही.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी उभी राहिली. त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यायला ती दुकानात गेली, तर ते सिम तिच्या नावावर नव्हतेच. तो क्रमांक तिच्या कॉलेजच्या दिवसांतला, सोलापूरचा. तिच्या वडिलांनी स्वतःच्या नावावर घेऊन दिलेला. लग्न झाले, मुले झाली, दुकानाची जीएसटी नोंदणी, बँकेचे खाते, आधार, मुलांची शाळा, सारे त्या एका क्रमांकाला जोडले गेले. मूळ मालक मात्र सोलापुरातच राहिला. नियमाप्रमाणे बदली सिम मालकालाच मिळते, आणि ते योग्यही आहे. माझे व्याही सत्तरीच्या पुढचे, गुडघ्यांनी त्रस्त. तरीही ते सकाळच्या एसटीने निघाले आणि दुपारी तीनच्या सुमारास आधार कार्ड छातीशी धरून सांगलीच्या स्थानकावर उतरले. सिम मिळाले. नवा फोनही आला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि तेवढ्यात दुकानातल्या मुलाने सांगितले, की नवे सिम सुरू झाल्यापासून चोवीस तास त्यावर एसएमएस येणार नाहीत आणि त्यावरून जाणारही नाहीत.

हा नियम ग्राहकाच्या रक्षणासाठीच आहे. दुसऱ्याच्या क्रमांकाचे सिम लबाडीने काढून त्याचे ओटीपी मिळवायचे, अशा फसवणुकी पुष्कळ झाल्या. त्यांना आळा घालण्यासाठी हा एक दिवसाचा विराम. बँकेत असतो तर मीच त्याचे समर्थन केले असते. पण तारीख होती २०, आणि मासिक जीएसटी विवरणपत्राचा तो शेवटचा दिवस. विवरणपत्रावर तिची मोहर म्हणजे मोबाइलवर येणारा ओटीपी. तोच ओटीपी ई-मेलवरही येतो, हे मला ठाऊक होते आणि ते मी मोठ्या उत्साहाने सांगितले. पण नव्या फोनवर ई-मेलचे दार उघडायचे तर पडताळणी त्याच हरवलेल्या फोनवर किंवा त्याच क्रमांकाच्या एसएमएसवर. यूपीआय नव्याने जोडायचे तर त्या सिममधून एक एसएमएस बाहेर जावा लागतो, तोही जाईना. एका दारातून दुसऱ्या दाराकडे, तिथून पुन्हा पहिल्या दाराकडे.

आणि गल्ल्याशेजारचा तो बोलणारा डबा मात्र निर्विकारपणे घोषणा करीत होता : अमुक रुपये प्राप्त झाले, तमुक रुपये प्राप्त झाले. त्याचे सिम स्वतंत्र, त्याला आमच्या संकटाची खबर नाही. दिवसभर जमा होत राहिली. खर्चाची बाजू पूर्ण बंद. वाहतूकदाराला द्यायला शेवटी धनादेशाचे पुस्तक शोधले, त्यात तीन पाने शिल्लक होती. कित्येक महिन्यांनी धनादेशावर सही करताना तिचा हात अडखळला, आणि सही बँकेतील नमुन्याशी जुळेल ना, असे तिने मला विचारले.

विवरणपत्र २१ तारखेच्या संध्याकाळी गेले. विलंब शुल्क पन्नास रुपये. पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात ते लागून आले, तेव्हा चिरंजीव हसले. पन्नास रुपयांसाठी आम्ही सात माणसे दोन दिवस धावलो होतो. मला हसू आले नाही.

तासगावकडील एका शाखेत असताना मी तिजोरीचा एक किल्लीधारक होतो. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एकट्याने ती कधीच उघडत नाही. एकदा रोखपालाची एसटी चुकली. द्राक्षबागायतदारांची रांग दारापर्यंत, लोक संतापलेले, आणि मी किल्ली हातात घेऊन साडेअकरापर्यंत नुसता बसून. याच्याशिवाय आणखी एक व्यवस्था असते, जी बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. शाखेच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा मोहरबंद पाकिटात दुसऱ्या शाखेत ठेवलेला असतो आणि ठरावीक मुदतीने अदलाबदल करून तो चालतो की नाही हे तपासले जाते. किल्लीधारक आजारी पडेल, किल्ली हरवेल, माणूस जाईल, हे सर्व त्या व्यवस्थेत आधीच धरलेले असते. तीस-बत्तीस वर्षे मी नवीन उमेदवारांना हे शिकवले. आणि माझ्याच घरात तिजोरी एक, किल्ली एक, ती किल्ली एका बाईच्या पर्समध्ये, आणि जुडग्याचा मालक सोलापुरात!

फसवणुकीविषयी आपल्याकडे आता पुष्कळ लिहिले-बोलले जाते आणि ते आवश्यकच आहे. १९३० हा क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ हवा. बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसताना त्रयस्थाच्या लबाडीने पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर त्याची झळ ग्राहकाला बसत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक सांगते. मात्र पिन किंवा ओटीपी स्वतःच देऊन टाकला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले. पण आमच्याकडे चोर आलाच नव्हता. कुलूप भक्कम होते आणि त्याने आम्हालाच बाहेर ठेवले.

त्या दोन दिवसांतली एक गोष्ट लिहावी की नाही, याचा मी बराच विचार केला. सूनबाईची परवानगी घेऊन लिहितो. २१ तारखेला सकाळी मी तिला म्हणालो, “तुला फार मनस्ताप झाला.” ती चहा गाळत होती. म्हणाली, “अण्णा, खरं सांगू? काल रात्री मी नऊला झोपले. शाळेचा ग्रुप नाही, सोसायटीचा नाही, कोणाचं ‘पैसे पाठवले, बघा’ नाही. किती वर्षांनी झोपले ते आठवत नाही.” मी काही बोललो नाही. उपकरणांची हौस तिला आहे हे खरे. पण त्या हौसेच्या आधारावर आम्ही सर्वांनी आपापले एकेक काम तिच्या फोनमध्ये नेऊन टाकले होते. मी माझ्या गोळ्या टाकल्या, सौ.नी पंचांग टाकले, चिरंजिवांनी बँक टाकली. ‘तिला हे आवडते’ असे म्हटले की झाले.

त्यानंतर मी निवृत्तीनंतर प्रथमच घरात एक परिपत्रक काढले. तोंडी. पहिले काम, सिम तिच्या स्वतःच्या नावावर. व्याह्यांना पुन्हा यायला लागू नये म्हणून ते त्याच मुक्कामात उरकले. वाचकांनी आज संध्याकाळीच आपापल्या घरी विचारून पाहावे, कोणाचे सिम कोणाच्या नावावर आहे. दिवंगत वडिलांच्या, काकांच्या नावावर चाललेले क्रमांक निघतील. आपल्या नावावर किती क्रमांक आहेत, हे संचार साथीवरच पाहता येते. दुसरे, ई-मेलला पडताळणीसाठी चिरंजिवांचाही क्रमांक जोडला आणि गुगल देते ते दहा राखीव संकेतांक छापून काढले; प्रत्येक संकेतांक एकदाच चालतो, आणि फोन नसतानाही दार उघडते. खाती, विमा, आयएमईआय क्रमांक, कोणत्या तारखेला काय भरायचे, हे सर्व एका लाल वहीत लिहिले. पिन मात्र कुठेच लिहिला नाही, लिहायचाही नसतो. बँक खात्यांची नामनिर्देशने तपासली. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती ठेवता येतात, तरी आमच्या दोन जुन्या ठेवींवर एकही नव्हती. बँक अधिकाऱ्याच्या घरी! हे लिहिताना मान खाली जाते. कामांची वाटणीही झाली : शाळा चिरंजिवांकडे, वीज, पाणी आणि गॅस माझ्याकडे. पहिल्याच महिन्यात वीजबिलाची तारीख मी चुकवली.

मोहरबंद पाकीट कुठे ठेवायचे, यावर चर्चा झाली. घरातल्या कपाटात ठेवले तर पूर आहेच. मी म्हणालो, दुसऱ्या शाखेत. ते आता सोलापुरात आहे. व्याह्यांनी ते घेतले तेव्हा माझ्याकडून रीतसर पोचपावती लिहून घेतली, आणि दर दिवाळीला ते बदलून न्यायचे, असे त्यांनीच सुचवले.

शेवटचा प्रयोग मात्र फसला. यूपीआयमध्ये आता ‘सर्कल’ नावाची सोय आहे. एका खातेदाराने विश्वासातल्या माणसाला आपल्या खात्यातून खर्च करू द्यायचा, महिन्याला जास्तीत जास्त पंधरा हजार, एका वेळी पाच हजारांपर्यंत. ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती जाहीर केली. सूनबाईने घरखर्चासाठी ती सौ.च्या फोनवर बसवून दिली आणि दोन दिवस शिकवली. तिसऱ्या दिवशी सौ. मंडईत गेल्या, चाळीस रुपयांची कोथिंबीर घेतली, अभिमानाने पैसे भरले. घरी परतून चप्पल काढतात न काढतात तोच दुकानातून सूनबाईचा फोन : “आई, कोथिंबीर चाळीसला दिली का त्याने? पेठेत वीसला आहे.” घड्याळ थरथरले होते.

सौ.नी फोन माझ्या हाती दिला, स्वयंपाकघरातील डब्यातून शंभराची एक नोट काढून कमरेला खोचली आणि म्हणाल्या, “हे काढून टाक म्हणावं तिला.”